मागील खोली खाली

रूपराव नासऱ्यांना कुणी "बसा" म्हटलं की ते आधी खुर्चीकडे बघत, मग दाराकडे, आणि उभ्यानेच म्हणत, "बसतो ना, घाई कायची हाय." बसत मात्र नसत. यात खुर्चीचा काही दोष नव्हता. वीज मंडळात मीटर रीडर म्हणून त्यांनी सगळी नोकरी लोकांच्या घरात शिरण्यात आणि लगेच बाहेर पडण्यात काढली होती. शिरायचं, मान वर करायची, आकडा उतरवायचा, पाणी नको म्हणायचं, निघायचं. निवृत्त झाल्यावर हीच पद्धत त्यांनी स्वतःच्या घरात चालू ठेवली. अंगणातून आत, आतून परसात, परसातून गल्लीत, गल्लीतून पुन्हा अंगणात. "माह्या घरी दिवसभर मीटरवाला येते अन् जाते," देवकाबाई शेजारणींना सांगत. "बिल देत नाई, तेवढं बरं हाय."

त्यांचं गाव धामणपेठ. पुलगावपासून आत, आडवाटेला. गावाला रेल्वे नाही आणि नगरपालिका आहे, आणि दोन्हींबद्दल लोकांची तक्रार साधारण एकाच सुरात असते. या गावात रूपरावांचं नाव होतं ते खऱ्या आकड्यासाठी. घराला कुलूप दिसलं की बाकीचे रीडर पानठेल्यावर बसून अंदाजाने आकडा टाकत. रूपराव परत जात. पुन्हा कुलूप, पुन्हा परत. एकदा शेजारच्या भिंतीवर चढून खिडकीतून मीटर वाचताना लोकांनी त्यांना चोर समजून धरलं, तेव्हा धरणाऱ्यांपैकी एकाला त्यांनी तशातही आकडा लिहून घ्यायला लावला होता. बिल जास्त आलं म्हणून कुणी भांडायला आलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "आधी भरा, मंग बोला." या उत्तराने ते गावात फारसे लोकप्रिय झाले नाहीत, पण त्यांच्या आकड्याला कुणी खोटा म्हणत नसे. माणसाला एवढं पुरतं. निदान रूपरावांना पुरत होतं.

देवकाबाईंचं सगळं उलट. घरातून निघायचं त्यांच्या जिवावर येई. माहेर केळझरचं, तिथंही वर्षातून एकदा गणपतीला जाऊन यायच्या आणि आल्या की उंबऱ्यात बसून "सुटले बाप्पा" म्हणायच्या. नेमक्या अशा बाईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा सावंगीच्या दवाखान्यात मशीनवर जायचं ठरलं. धामणपेठ ते पुलगाव एसटी, पुलगाव ते वर्धा रेल्वे, स्टेशनपासून सावंगी ऑटो. मशीन झालं की तेच सगळं उलट्या क्रमानं. जाताना देवकाबाई बोलत. येताना एसटीच्या खिडकीला डोकं टेकून डोळे मिटत, आणि रस्त्यातला एकेक खड्डा त्यांच्या कपाळावर वाजे. रूपराव शेजारी उभे असत. जागा असली तरी.

"मशीनवर बरं असते," त्या म्हणत. "पडून राह्याले भेटते. मारते थे एसटी."

डॉक्टरही तेच म्हणाले, जरा शुद्ध भाषेत. मग रूपरावांनी एरवी ज्या वेगाने ते परसात जाऊन येत त्या वेगाने ठरवून टाकलं : घर विकायचं आणि सावंगीला राहायला जायचं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या, तळमजल्यावर, देवकाबाईंना पायी जाता येईल इतक्या जवळ. इसार दिला. घरमालकानं पोळ्यापर्यंत मुदत दिली. त्यानंतर खोल्या दुसऱ्याला. मेडिकलच्या पोरांचे आईबाप तिथं घरं शोधत फिरतच असतात. इकडे धामणपेठच्या घरालाही गिऱ्हाईक मिळालं. मुकेश, बाजारातला किराण्याचा ठोक दुकानदार. त्याला दुकानाच्या मालासाठी गोडाऊनही हवं होतं, घर पसंत होतं, बँकेचं कर्ज होत आलं होतं, आणि त्याची एकच अट होती : कागद साफ पाहिजे. रूपराव हसले. त्यांच्याकडे दुसरं काही नसेल, कागद साफ होता.

घरटॅक्स बाकी नसल्याचा नगरपालिकेचा दाखला तेवढा आणायचा राहिला होता. दाखल्याशिवाय नवीन मालकाचं नाव चढत नाही, त्यामुळे कोणी शहाणा माणूस रजिस्ट्रीला उभा राहत नाही. रूपराव सगळ्या पावत्या घेऊन कर विभागात गेले. खिडकीत माधवी नावाची मुलगी होती. मुलगी म्हणायची ती वयावरून. खुर्चीवर बसण्याची तिची पद्धत जुन्या बाबूंसारखी होती.

"काका, घराचं निल हाय," ती कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली. "तळघराचं बाकी हाय."

"कायचं?"

"तळघराचं."

"कोनाच्या?"

"तुमच्याच. हे पाहा, वेगळा नंबर हाय त्याचा. बटे दोन. मालक रूपराव नासरे, भोगवटादार चिंधू थूल. लय वर्सांचं हाय काका. वर शास्तीबी लागून राह्यली."

रूपरावांनी खिडकीतून मान आत घातली. पडद्यावर खरोखरच तळघर होतं. लांबी होती, रुंदी होती, भोगवटादार होता. नव्हतं ते फक्त धामणपेठेत.

घरी येऊन ते थेट मागच्या खोलीत गेले. हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं, पाया भरताना आणि विटा भिजवताना ते तिथंच हजर होते. तरी त्यांनी पलंग सरकवला आणि फरशीवर टाच आपटून पाहिली.

"काय हरवलं?" देवकाबाईंनी विचारलं.

"तळघर."

"भेटलं तर सांगजा," त्या म्हणाल्या, "कांदे ठेवाले जागा पुरून नाई राह्यली."

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. उलगडा झाला म्हणून अडचण सुटली असं मात्र नाही.

मागच्या खोलीत पूर्वी चिंधू थूल भाड्यानं राहत. पुलगावच्या दारूगोळा डेपोत कामाला होते, शांत माणूस. मुलाला नागपुरात नोकरी लागली तेव्हा ते खोली सोडून गेले. भाड्याच्या खोलीला टॅक्स जास्त आणि रिकामीला कमी, म्हणून रूपरावांनी स्वतः नगरपालिकेत जाऊन खोली सोडल्याचं सांगितलं होतं. कोणी विचारलेलं नसताना सांगणारे ते गावातले बहुधा एकटेच. तेव्हाचे मोहरीर प्रभाकरराव, म्हणजे टॅक्सची नोंद ठेवणारे कारकून, यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'मागील खोली – खाली'. इकडे खाली म्हणजे रिकामं. जे बुडाशी असतं त्याला इकडे खालतं म्हणतात, आणि या दोहोंत गल्लत झाल्याचं वर्धा जिल्ह्यात कुणाला आठवत नाही.

पुढे सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं. काम घेतलं तिकडच्या, घाटाकडच्या एका एजन्सीनं. तिच्या कुठल्याशा पोरानं धामणपेठ कधी न बघता धामणपेठची घरं भरली. त्याच्या मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट. मागील खोली खाली आहे, म्हणजे घराच्या खाली आहे, म्हणजे तळघर. त्यानं मन लावून काम केलं होतं. तळघराला स्वतंत्र नंबर दिला आणि जुना भाडेकरू त्यात नेऊन बसवला. तेव्हापासून चिंधू थूल यांच्या नावाची बिलं निघत होती आणि 'इसम राहत नाही' म्हणून परत जात होती. राहत नव्हते हे खरंच होतं.

रूपराव प्रभाकररावांच्या घरी गेले. निवृत्तीनंतर प्रभाकरराव जाड झाले होते आणि बाजेवर बसून चणे खात होते.

"मी खाली म्हणजे खालीच लिहलं होतं," ते म्हणाले. "दुसरं काय लिहू? रिक्त लिहू? मंग तुमीच विचाराले आले असते का रिक्त म्हणजे काय."

"मंग तसं लेखी द्या."

"देतो ना. पण माह्या लिहण्याले आता कोण इचारते? खुर्चीत होतो तवा एका शब्दात तुमचं तळघर झालं. आता वहीभर लिहून देलं तरी बुजणार नाई." मग त्यांनी वाटी पुढे केली. "बसा ना. चणे घ्या."

रूपराव उभ्यानेच दोन चणे घेऊन निघाले.

माधवीनं सगळं ऐकून घेतलं, आणि तिला ते पटलंही. मोठी पंचाईत तिथंच होती. कुणाला न पटणारं असतं तर रूपरावांना भांडता तरी आलं असतं. "काका, मले समजते," ती म्हणाली. "पण आकारणीवर तक्रार समितीकडे जाते. समिती बसली की ऐकते. अन् समितीपुढं जायचं तर आधी बाकी भरा लागते."

"समिती कधी बसते?"

"थे समितीलेच माहीत नाई."

"म्हणजे नसलेल्या तळघराचा टॅक्स मी भरू? काऊन?"

मागं रांगेत उभा असलेला कोणीतरी म्हणाला, "रूपराव, आधी भरा, मंग बोला." रांग हसली. रूपरावांनी मागं वळून पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता. त्या घराचं मीटर त्यांनी वर्षानुवर्षं वाचलं होतं आणि ते दर महिन्याला जास्तच निघे.

त्या रात्री जेवताना ते ताटावरून उठून फिरत होते. भरणार नाही, वर्ध्याला कलेक्टरकडे जाईन, पेपरात देईन. देवकाबाई भाकरी मोडत शांतपणे ऐकत होत्या. त्यांना पाणीसुद्धा मोजून प्यायचं असे, त्यामुळे मध्ये घोट घेऊन बोलणं टाळायचीही सोय नव्हती.

"भरून टाका," त्या म्हणाल्या.

"अवं पण तळघर नाई!"

"नाई तर नाई. आपल्याले काय तिथं राह्याचं हाय? सावंगीले जायचं हाय."

त्यांनी भरला. माधवीनं पावती दिली, आणि शास्तीचा वेगळा कागद. थोडक्यात, आता तळघर रीतसर झालं. चार दिवस रूपरावांच्या अंगण-परस-गल्लीच्या चकरा दुप्पट झाल्या. पाचव्या दिवशी बँकेचा माणूस फीत घेऊन घर मोजायला आला, नगरपालिकेचा उतारा हातात धरून खोल्या फिरला आणि म्हणाला, "तळघर दाखवा."

"तळघर नाई."

"इथं आहे ना. टॅक्सही भरलेला आहे." त्यानं पावती दाखवली. "मालमत्ता कागदाशी जुळत नसेल तर कर्ज होत नाही, काका. एकतर तळघर दाखवा, नाहीतर कागदावरून काढून आणा."

आधी भरल्यावर बोलायची मुभा असते असं रूपरावांना आयुष्यभर वाटत आलं होतं. ते पुन्हा खिडकीशी गेले. माधवीनं यावेळी खुर्ची त्यांच्याकडे वळवून कॉम्प्युटरच दाखवला. एखादी मालमत्ता नोंदीतून काढायची तर कारण निवडावं लागतं. कारणांची यादी तयार होती : पाडले, आगीत नष्ट, बुजविले. खाली आणखी काही नव्हतं.

"'नव्हतंच' असं कुठी हाय?"

"तसं नाई हाय काका. नसलेली गोष्ट काढाची सोय नाई याच्यात." तिनं आवाज खाली आणला. "तळघराले 'बुजविले' बसते. स्टँपवर लिहून द्या का तुमी बुजवलं. इंजिनिअर साहेब येऊन पाह्यतीन. आठ दिवसांत काम होते."

रूपराव खिडकीपासून दोन पावलं मागे सरले. बंद घराच्या दाराशी उभं राहून, आकडा न टाकता माघारी फिरल्याचे ते सगळे दिवस त्यांच्या पायांत होते. आता कुणी बिल मागत नव्हतं, कुणी दार लावून घेतलं नव्हतं. फक्त एक खोटा आकडा टाकायचा होता, तोही स्वतःच्याच घराचा.

तरी तहसीलसमोर कडुलिंबाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडे ते गेले. त्यानं टाइप करून वाचून दाखवलं, "मी शपथेवर लिहून देतो की, माझ्या मालकीच्या घरातील तळघर मी स्वखर्चाने बुजविले असून..."

"थांबा. 'सध्या तळघर नाही' असं लिहा ना. थे खरं हाय."

"तसं चालत नाई. नाई तर काऊन नाई, थे सांगा लागते."

रूपराव लिंबाला एक चक्कर मारून आले. "बरं, 'स्वखर्चाने' तरी काढा."

"मंग कोनाच्या खर्चानं बुजवलं?"

"कोनाच्याच नाई!"

"रूपरावजी," अर्जनवीस चष्म्यावरून बघत म्हणाला, "एवढं मोठं तळघर गिळून राह्यले तुमी, अन् खर्चावर अडले?"

रूपराव कागद तसाच ठेवून घरी गेले. उद्या येतो म्हणाले. उद्या मशीनचा दिवस होता.

त्या दिवशी परतीची गाडी उशिरा पुलगावला पोचली आणि धामणपेठची एसटी निघून गेली होती. दुसऱ्या एसटीला वेळ होता. देवकाबाईंना उभं राहवेना. रूपरावांनी त्यांना फलाटाच्या बाकावर निजवलं आणि पिशवी डोक्याखाली दिली. ते फलाटाच्या या टोकाहून त्या टोकाला जात होते. डेपोतून सुटलेले लोक सायकली हातात धरून चालले होते. एकदोघांनी ओळखून हात केला. माघारी आले तेव्हा देवकाबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "तुमीच का?"

"मीच."

"किती चालता हो. एक सांगू? सावंगीचं राहू द्या. इथं स्टेशनवरच घर घ्या. तुमालेबी फिराले जागा हाय."

त्या हसल्या नव्हत्या. रूपराव बाकाच्या कडेला बसले. एसटी येईपर्यंत बसून राहिले. नंतर कितीतरी दिवस देवकाबाई हे सांगत, की पुलगावच्या स्टेशनवर आमचा माणूस बसला, आणि मला वाटलं आता माझं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'स्वखर्चाने'सकट सही केली.

इंजिनिअर साहेब पाहणीला आले ते मोटरसायकल चालूच ठेवून. मागच्या खोलीत उभे राहिले, बूट फरशीवर दोनदा आपटले.

"पक्कं झालंय," ते म्हणाले. "बुजवलेलं अजिबात कळत नाही. कोणाकडून केलं?"

रूपरावांनी पलंग उगाच थोडा सरकवला. त्यांनी सही केली होती, पण तोंडानं बोलायचं कबूल केलं नव्हतं.

"कायनं बुजवलं, माती का मुरूम? लिहावं लागतं."

रूपराव दाराकडे बघू लागले. आतून देवकाबाईंचा आवाज आला, "मुरूम लिहा बाप्पा. मातीनं ओल येते."

साहेबांनी मुरूम लिहिलं. मोटरसायकल गेली. रूपराव फरशीकडे बघत राहिले. मघाशी तिच्याखाली नुसती काळी माती होती. आता शासनाच्या लेखी तिथं मुरूम होता, आणि तो दाबून बसवलेला होता.

दाखला मिळाला, बँकेचं कर्ज झालं आणि पोळ्याच्या आधीची रजिस्ट्रीची तारीख मिळाली. संमतीची सही लागत असल्यानं देवकाबाईही आल्या होत्या, आणि ऑफिसात शिरल्या शिरल्या त्यांनी भिंतीकडची एकुलती रिकामी खुर्ची धरली. मुकेश पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. आपला नंबर येईपर्यंत तो कागद चाळत बसला. दुकानदार माणूस, आलेलं पोतं उघडून बघितल्याशिवाय आत घेत नसे. चाळता चाळता थांबला.

"काकाजी, ये क्या है? 'तळघर बुजविल्याबाबत'? घर में तळघर था?"

रूपरावांनी सावंगीच्या खोल्या एकदा मनाशी आठवल्या. मग मुकेशला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. चिंधू थूल, प्रभाकरराव, शेऱ्याचा रकाना, घाटाकडचा पोरगा, समिती, यादी, मुरूम. आयुष्यात इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांना हलकंही वाटलं आणि धास्तीही. हा माणूस आता खिडकीवर जाऊन हेच मोठ्यानं विचारील, फाईल परत जाईल, पोळा येईल.

मुकेशनं सावकाश विचारलं, "मतलब, जे नव्हतं, ते तुमी बुजवलं."

"हो."

"मुरूम टाकून."

"मुरूम लिहला. टाकला नाई."

"अन् त्याचा टॅक्सबी भरला. शास्तीसकट."

"हो ना बाप्पा."

मुकेशनं हातातला कागद मिटला. "काकाजी, मी धंदा करतो. नसलेल्या मालाचे पैसे कोनी भरत नाई. भरले तर माल असते."

एवढ्यात देवकाबाईंनी बसल्या जागेवरून हाक मारली. त्यांना ऐकू गेलं होतं. "मुकेश, बेटा, इकळे ये. केळझरच्या गणपतीची आन घेऊन सांगते, आमच्या घरात तळघर कधीच नव्हतं. समजलं?"

खरं बोलण्याचा याहून भक्कम प्रकार देवकाबाईंपाशी नव्हता. पण मुकेशच्या चेहऱ्यावर मात्र वेगळंच काही उमटत गेलं. नवरा उन्हाळाभर ऑफिसांचे उंबरे झिजवतो, कितीतरी वर्षांची बाकी मुकाट भरतो, शपथपत्र करून जागा बुजवली म्हणतो. आणि आता ही म्हातारी थेट देवाची आण घेऊन सांगते की तिथं काही नव्हतं. एवढा खटाटोप माणसं रिकाम्या जागेसाठी करत नाहीत. त्यानं एकदम मान डोलावली. "नाई ना काकी, नाईच म्हना. मी कुठी म्हनतो होतं म्हनून?" मग त्यानं कागदांची चळत नीट लावली आणि नंबरासाठी दारात जाऊन उभा राहिला. सही करताना त्याचा हात थांबला नाही. बोटाचा ठसा घेणाऱ्या मशीनवर त्यानं अंगठा इतका दाबून धरला की बाबूला "सोडा आता" म्हणावं लागलं.

बाहेर आल्यावर रूपराव अस्वस्थ होते. "त्याले खोटं वाटलं, देवका."

"तुमी खरं सांगतलं ना?"

"सांगतलं."

"मंग झालं. ऑटो पाहा."

पोळ्याआधी ते सावंगीला आले. मशीनच्या दिवशी देवकाबाई आता पायी जातात. हळू जातात, वाटेत एका मेडिकल दुकानाच्या पायरीवर टेकतात, तिथल्या पोराशी बोलतात, उठतात. परत येतानाही तशाच येतात आणि स्वतः कुलूप उघडतात. रूपराव त्यांच्या पुढे जाऊन मागं येतात, पुन्हा पुढे जातात; मधलं अंतर ते तीनदा चालतात. शपथपत्राची एकही प्रत त्यांनी कपाटात ठेवलेली नाही. ती त्यांना घरात नको होती.

एका संध्याकाळी मुकेशचा फोन आला. देवकाबाई नुकत्याच मशीनवरून येऊन पडल्या होत्या. रूपराव फोन कानाला लावून खोलीभर फिरू लागले.

"काकाजी, एक बात पूछनी थी. मागच्या खोलीत किती खोल होतं?"

"काय किती खोल?"

"आता कमरेपर्यंत झालं. मुरूम लागून नाई राह्यला अजून. काळी मातीच हाय."

"मुकेश! अरे, तिथं काहीच नाई! मी तुले सांगतलं होतं ना, बाप्पा! माती भर थे, घराचा पाया उघडा पडन!"

पलीकडून मुकेशचं समजूतदार हसणं आलं. "काकाजी, तुमी टेंशन नका घेऊ. जे निघन त्यातलं तुमचं तुमाले देईन. इमानदारीत. फक्त किती फूट तेवढं सांगा."

रूपराव फिरता फिरता थांबले. त्यांनी आणखी एकदा खरं सांगितलं, मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं. प्रत्येक खेपेला मुकेशचा हिस्सा देण्याचा आग्रह वाढत गेला. शेवटी देवकाबाईंनी पडल्या पडल्या हात पुढे केला. रूपरावांनी फोन त्यांना दिला.

"कोन, मुकेश? काय करून राह्यला?"

त्यांनी ऐकून घेतलं.

"तुले गोडाऊन पायजे होतं ना रे दुकानाले?" त्या म्हणाल्या. "मंग दोन गवंडी लाव, पाया सांभाळून खंदत राह्य. पुरं झालं की थेच तळघर."